कोलंबसाच्या आधीची अमेरिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत अमेरिकेचा इतिहास १४९२ पासून सुरू होतो, त्यामुळे त्याआधी तिथे नेमकं काय होतं याबद्दल लोकांकडे एकतर काहीच माहिती नसते नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली असते. वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत. आधी सोपे, मग किचकट. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. अमेरिकेत पहिली माणसं आली कुठून?

सायबेरियातून. शेवटच्या हिमयुगात इतकं पाणी बर्फात अडकलेलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती, त्यामुळे आज सायबेरिया आणि अलास्काच्या मधे जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथे कोरडी जमीन होती, आणि ती काही चिंचोळी पट्टी नव्हती, उत्तर-दक्षिण हजारेक किलोमीटर पसरलेला गवताळ प्रदेश होता, मॅमथ आणि रानबैल चरत असायचे. त्याला बेरिंजिया म्हणतात. डीएनए पण हेच सांगतो. बैकल सरोवराजवळ माल्टा इथे २४ हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाची हाडं मिळालीत, त्याचा जीनोम २०१३ मधे प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेतल्या मूळ लोकांचा साधारण एक तृतीयांश वारसा त्या मुलाच्या लोकांशी जुळतो, बाकीचा पूर्व आशियातल्या लोकांशी.

२. कोणी १३ हजार वर्षं म्हणतं, कोणी २३ हजार. नक्की किती?

१३ हजार हा जुना आकडा आहे. न्यू मेक्सिकोमधल्या क्लोविस गावाजवळ १९३० च्या दशकात मॅमथच्या हाडांसोबत दगडाची सुंदर घडवलेली भाल्याची टोकं मिळाली, तशीच पुढे अख्ख्या उत्तर अमेरिकेत मिळाली, आणि मग अनेक दशकं सगळे हेच धरून बसले की क्लोविसवालेच पहिले. याला तडा गेला तो चिलीतल्या मॉन्टे व्हर्देमुळे. पुरातत्वज्ञ टॉम डिलेहे यांच्या टीमला तिथे लाकडी तंबूंचे अवशेष, समुद्री शेवाळ, चघळलेल्या पानांचे गोळे असं मिळालं, आणि त्याचं वय निघालं सुमारे साडेचौदा हजार वर्षं. इतर तज्ज्ञ १९९७ मधे स्वतः जाऊन बघून आले तेव्हा कुठे बहुतेकांनी मान्य केलं.

मग २०२१ मधे न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्समधले पावलांचे ठसे जाहीर झाले, त्यात बरेचसे ठसे लहान मुलांचे आणि तरुणांचे आहेत, आणि वय २१ ते २३ हजार वर्षं. ते वय पाणवनस्पतीच्या बियांवरून काढलं होतं म्हणून शंका घेतल्या गेल्या, तर २०२३ मधे परागकण आणि वाळूतल्या क्वार्ट्झवरून पुन्हा मोजलं, आकडा तोच आला. थोडक्यात, क्लोविसच्या बरंच आधी माणूस तिथे होता. ती माणसं आली कशी, म्हणजे उत्तरेकडच्या दोन प्रचंड बर्फाच्या चादरींमधल्या वाटेने की किनाऱ्याकिनाऱ्याने, यावर वाद चालू आहे, पण मधली वाट उशिरा खुली झाली त्यामुळे किनाऱ्याचं पारडं सध्या जड आहे.

३. माया, ॲझ्टेक आणि इंका एकच ना? फरक काय?

अजिबात एक नाहीत, आणि हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो. माया म्हणजे दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास-एल साल्वादोरचा काही भाग, तिथली डझनावारी स्वतंत्र नगरराज्यं, टिकाल, पालेंके, कोपान, कालाकमुल, एकमेकांशी कायम लढणारी, त्यांचा भराचा काळ साधारण इ.स. २५० ते ९००. ॲझ्टेक, म्हणजे खरं तर मेशिका, हे खूप नंतरचे, त्यांनी १३२५ च्या सुमारास तळ्यातल्या बेटावर टेनोच्टिट्लान वसवलं, आजची मेक्सिको सिटी त्याच्यावरच उभी आहे. इंका तिथून हजारो किलोमीटर दूर, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात, राजधानी कुस्को, आणि १४३८ च्या सुमारास पाचाकुती गादीवर आल्यापासून जेमतेम शंभरेक वर्षांत त्यांनी कोलंबियाच्या सीमेपासून चिलीपर्यंत साम्राज्य पसरवलं. टिकालचे राजे आणि इंका सम्राट यांच्यात पाच-सहाशे वर्षांचं अंतर आहे.

आणि या तिघांच्या पलीकडे ऑल्मेक, झापोटेक, मोचे, चिमू, तिवानाकू असे कितीतरी आहेत. मेक्सिको सिटीजवळचं तेओतिवाकान तर एका काळी लाखभर वस्तीचं शहर होतं, सामान्य माणसं तिथे आखीव बहुखोली वाड्यांमधे राहायची, आणि मेशिका तिथे पोचले तेव्हा ते शहर ओस पडून कित्येक शतकं झाली होती.

४. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं शहर कोणतं? हडप्पाएवढं जुनं काही आहे का?

आहे, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. पेरूच्या सुपे खोऱ्यातलं काराल. रूथ शेडी या पेरूच्या पुरातत्वज्ञ बाईंनी तिथे १९९० च्या दशकात काम सुरू केलं, २००१ मधे कार्बन डेटिंग प्रसिद्ध झालं आणि वय निघालं इ.स.पू. २६०० च्या आसपास, म्हणजे मोहेंजोदडो आणि गिझाच्या पिरॅमिडच्याच काळातलं. सहा मोठे पिरॅमिड, खाली खोलगट गोल चौक, आणि एवढं सगळं मातीचं भांडं माहीत नसताना. दगड भरायला ते गवताच्या विणलेल्या जाळीच्या पिशव्या वापरायचे आणि पिशवीसकट दगड भिंतीत रचायचे, भूकंपात असा भराव हलतो पण ढासळत नाही. पेलिकन आणि कोंडोर पक्ष्यांच्या हाडांच्या ३२ बासऱ्या पण मिळाल्यात. पोटाचं गणित असं, की आतल्या खोऱ्यात कापूस पिकवायचा, किनाऱ्यावरच्यांना जाळ्यांसाठी द्यायचा, आणि बदल्यात सुकवलेली मासळी घ्यायची.

५. ऑल्मेक लोकांची ती मोठी दगडी डोकी आफ्रिकन आहेत का?

नाही. आत्तापर्यंत अशी १७ डोकी मिळालीत, दीड ते साडेतीन मीटर उंच, मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यालगत सान लोरेन्झो, ला वेंता आणि त्रेस झापोतेसच्या परिसरात, काळ साधारण इ.स.पू. १२०० ते ४००. जाड ओठ, रुंद नाक बघून लोक आफ्रिका म्हणतात, पण तशा चेहऱ्याची माणसं त्या भागात आजही आहेत, आणि आफ्रिकेतून आलेली एकही वस्तू किंवा पीक त्या काळच्या थरांत मिळालेलं नाही. मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते, ती ही की हा बेसॉल्ट कित्येक किलोमीटर लांबच्या तुश्तला डोंगरातून आणलाय, ना चाकाची गाडी ना बैल.

६. पण चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, मग एवढे दगड हलवले आणि कापले कसे?

चाक माहीत होतं. मेक्सिकोत चाकं लावलेले मातीचे छोटे प्राणी मिळालेत. गाडी केली नाही कारण ओढायला जनावर नव्हतं, घोडा हिमयुगाच्या शेवटी तिथून नामशेष झाला होता, बैल नव्हताच, आणि अँडीजमधला लामा पंचवीस-तीस किलो ओझं नेतो, त्याच्यावर बसता येत नाही. डोंगरात पायऱ्यांचे रस्ते असतील तर गाडीचा उपयोग तरी काय.

दगडाचं म्हणाल तर पेरूतल्या ओयांतायतांबो या इंकांच्या गावाचं उदाहरण घ्या. खाण नदीच्या पलीकडे डोंगरावर आहे, आणि खाणीपासून गावापर्यंतच्या वाटेवर अर्धवट आणलेले दगड आजही पडलेत, तिथले लोक त्यांना दमलेले दगड म्हणतात. खाणीत नदीतल्या कठीण गोट्यांचे हातोडे सापडतात, आणि स्थापत्याचे अभ्यासक ज्यॉं-पिएर प्रॉत्झेन यांनी तसेच गोटे हातात घेऊन दगड घडवून दाखवला, ठोकत ठोकत, धूळ झटकत, पुन्हा लावून बघत, काम होतं, वेळ लागतो एवढंच. दोर आणि माणसं ही त्यांची खरी ताकद होती. पेरूतल्या केसवाचाका इथला गवताच्या दोरांचा झुलता पूल आसपासच्या गावातले लोक आजही दरवर्षी नव्याने विणतात.

तांबं, सोनं, चांदी, कांसं हे सगळं त्यांना येत होतं हो, लोखंड तेवढं नव्हतं.

७. नाझ्काच्या रेषा एलियनसाठी काढल्या होत्या का?

नाही. पेरूच्या वाळवंटात वरचे गडद खडे बाजूला सारले की खालची फिकट जमीन दिसते, एवढीच पद्धत. खुंट्या आणि दोरी असेल तर थोड्या माणसांना मोठी आकृती काढता येते, आणि बऱ्याचशा आकृत्या जवळच्या टेकड्यांवरून दिसतात. काळ साधारण इ.स.पू. ५०० ते इ.स. ५००, त्याच लोकांच्या मडक्यांवर तशीच चित्रं आहेत. पाऊस जवळजवळ पडत नाही म्हणून त्या टिकल्या.

हा प्रश्न येतो तेव्हा एक मनापासून सांगावंसं वाटतं. या लोकांनी दगडातून, दोरातून, हाडामांसाच्या कष्टातून जे उभं केलं त्याचं श्रेय आकाशातल्या कोणालातरी देऊन टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यांची नातवंडं-पणतवंडं अजून तिथेच राहतायत (प्रश्न १७ बघा).

८. त्यांना लिहिता येत होतं का?

मायांना उत्तम येत होतं. पूर्ण लिपी, बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहिता येईल अशी, आठशेच्या आसपास चिन्हं, काही शब्दांची काही अक्षरांची. शिवाय वीसच्या पटीतली अंकपद्धती, ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. हे शून्य त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलंय, आपल्याकडच्या शून्याशी संबंध नाही.

वाईट याचं वाटतं की १५६२ मधे युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या पोथ्या जाळल्या, आणि आज जगात फक्त चार माया पोथ्या शिल्लक आहेत. त्याच लांदाने लिहून ठेवलेली एक मोडकीतोडकी अक्षरांची यादी पुढे उपयोगी पडली. १९५२ मधे लेनिनग्राडमधे बसून युरी क्नोरोझोव यांनी त्यावरून दाखवून दिलं की ही चिन्हं अक्षरं आहेत, आणि १९६० मधे तात्याना प्रोस्कुर्याकोव यांनी दाखवलं की शिलालेखांत देवांच्या नाही तर खऱ्या राजांच्या जन्माच्या, राज्याभिषेकाच्या आणि लढायांच्या नोंदी आहेत. आता बहुतेक मजकूर वाचता येतो.

इंकांची कागदावरची लिपी नव्हती, त्यांच्याकडे कीपू होते, म्हणजे एका मुख्य दोराला लटकवलेल्या रंगीत दोऱ्या आणि त्यांना मारलेल्या गाठी. आकड्यांच्या गाठी दशमान पद्धतीने वाचता येतात. काही कीपूंमधे आकड्यांपलीकडचं काही असावं यावर अभ्यास चालू आहे.

९. २०१२ ला जग बुडणार असं मायांनी लिहिलं होतं ना?

नव्हतं लिहिलं. त्यांच्या दीर्घगणनेतला, म्हणजे दिवस सलग मोजत जाणाऱ्या कॅलेंडरातला, १,४४,००० दिवसांचा एक मोठा गट २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास संपला आणि पुढचा सुरू झाला. पालेंकेच्या एका शिलालेखात तर पाकाल राजाच्या राज्याभिषेकाचा एक वर्धापनदिन इ.स. ४७७२ मधला नोंदवलाय, जग २०१२ मधे संपणार असं मानणारा माणूस अशी नोंद कशाला करेल.

१०. माया लोक अचानक गायब झाले, हे खरं का?

शहरं ओस पडली, लोक गायब झाले नाहीत. दक्षिणेच्या सखल भागातली मोठी शहरं साधारण इ.स. ८०० ते ९०० या काळात एकेक करून रिकामी होत गेली, म्हणजे शंभर वर्षं चाललेली गोष्ट आहे, अचानक काही नाही. तळ्यांच्या गाळातून दिसतं की त्या काळात वारंवार कडक दुष्काळ पडले, त्यात शहरांची आपापसातली युद्धं, भरमसाट वाढलेली वस्ती, आणि पाऊस आणून देतो म्हणून मान मिळवणाऱ्या राजावरचा उडालेला विश्वास. वस्ती किती होती याचा अंदाज २०१८ मधे आला, विमानातून लेझर सोडून जंगलाखालची जमीन मोजतात त्या लायडार पद्धतीने ग्वाटेमालाच्या पेतेन भागात ६० हजारांहून जास्त बांधकामं दिसली. इकडे उत्तरेला चिचेन इत्सा आणि नंतर मायापान जोरात होते, आणि शेवटचं स्वतंत्र माया राज्य नोहपेतेन स्पॅनिशांच्या हाती पडलं १६९७ मधे, म्हणजे राजाराम महाराज जिंजीत होते त्या काळात.

११. नरबळी खरंच देत होते की स्पॅनिश लोकांनी बदनाम केलं?

दोन्ही खरं. मेक्सिको सिटीत २०१५ पासून मुख्य मंदिराजवळ कवट्यांचा मनोरा खणून काढला जातोय, सहाशेच्या वर कवट्या निघाल्यात, त्यात बायका आणि मुलंही आहेत. अँडीजमधे युलायलाको शिखरावर ६,७०० मीटरच्या वर १९९९ मधे थंडीने जतन झालेली तीन इंका मुलं मिळाली, तीही बळी दिलेलीच. हे लपवण्यात अर्थ नाही. पण १४८७ मधे एका सोहळ्यात ८० हजार बळी दिले वगैरे आकडे फुगवलेले आहेत, जिंकणाऱ्यांना आपलं काम पुण्याचं दाखवायचं होतं.

१२. एवढी मोठी साम्राज्यं मूठभर स्पॅनिश लोकांनी कशी जिंकली?

मूठभर हा शब्दच फसवा आहे. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५१९ मधे पाचेकशे माणसं घेऊन उतरला खरा, पण टेनोच्टिट्लान पडलं तेव्हा त्याच्या बाजूने हजारोंच्या संख्येने शेजारच्या त्लाश्काला राज्याचे आणि इतर स्थानिक सैनिक लढत होते, ज्यांचा मेशिकांच्या खंडणीवर जुना राग होता. त्यात १५२० मधे देवीची साथ आली, नवा राजा क्वित्लावाक त्यातच गेला, आणि १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. पेरूमधेही तसंच, साथीत सम्राट गेला असावा असं मानतात, मग दोन भावांत यादवी युद्ध झालं, आणि त्यातून जिंकून आलेल्या अतावाल्पाला पिसारो या स्पॅनिश सेनानीच्या १६८ माणसांनी १६ नोव्हेंबर १५३२ ला काहामार्कात दगा देऊन पकडलं. खोली भरून सोनं घेऊनही पुढच्या वर्षी त्याला मारलं. तरी इंकांनी विल्काबांबातून १५७२ पर्यंत झुंज दिली.

१३. आजच्या यूएसए मधे काहीच मोठं नव्हतं का?

होतं. सेंट लुईसच्या समोर, मिसिसिपीच्या पलीकडे इलिनॉयमधे कहोकिया आहे, इ.स. ११०० च्या सुमारास तिथे दहा-वीस हजार लोक राहत होते, आणि टोपल्यांनी माती वाहून रचलेला मुख्य ढिगारा ३० मीटर उंच आहे. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमधे प्वेब्लो बोनितो ही सहाशेच्या वर खोल्यांची एकच इमारत आहे, तिथल्या भांड्यांत कोकोचे अंश मिळालेत, म्हणजे मेक्सिकोपर्यंत व्यापार. लुइझियानातले वॉटसन ब्रेकचे मातीचे ढिगारे तर सुमारे साडेपाच हजार वर्षं जुने, कारालपेक्षाही आधीचे (प्रश्न ४), फक्त ते शहर नव्हतं.

१४. आणि ॲमेझॉन? तिथे तर फक्त जंगल होतं ना?

असंच वाटायचं. जानेवारी २०२४ मधे इक्वाडोरच्या उपानो खोऱ्यातलं लायडार प्रसिद्ध झालं, सहा हजारांवर मातीचे चौथरे, सरळ रुंद रस्ते, शेतांचे चर, सुरुवात इ.स.पू. ५०० च्या आसपास. ब्राझीलमधे ठिकठिकाणी काळी सुपीक माती आहे, ती निसर्गाची नाही, माणसांनी कोळसा, राख, हाडं, खरकटं मिसळून तयार केलेली आहे.

१५. कोलंबसाच्या आधी बाहेरून कोणी पोचलं होतं का? आणि आपले लोक?

व्हायकिंग नक्की पोचले होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला त्यांची वस्ती सापडलीय आणि तिथलं लाकूड बरोबर १०२१ साली तोडलेलं होतं, हे झाडाच्या वलयांवरून २०२१ मधे सिद्ध झालं. पॉलिनेशियन दर्यावर्दींचा दक्षिण अमेरिकेशी संबंध आला होता, रताळं युरोपियनांच्या आधी पॅसिफिकच्या बेटांवर होतं, आणि डीएनए अभ्यास तो संबंध इ.स. १२०० च्या सुमाराचा सांगतो.

भारतीयांबद्दल मात्र पुरावा नाही. माया म्हणजे मयासुर, अमेरिका म्हणजे पाताळ हे निव्वळ नावांच्या साम्यावर बेतलेलं आहे, भाषा, डीएनए, पिकं, कशातच काही जुळत नाही. सोमनाथपूर वगैरे होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे असा दावा खरंच एका अभ्यासकाने केला होता, पण बाकीच्यांना ते मोत्यांनी मढवलेलं फळ वाटतं, आणि त्या काळातला मका भारतात सर्वांना मान्य होईल असा मिळालेला नाही.

१६. आपल्या जेवणात त्यांचं काय आहे?

उपासाचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, शेंगदाणा बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचा, मिरची मेक्सिकोची, बटाटा तितिकाका सरोवराच्या आसपासचा, रताळंही तिकडचंच. अमेरिकेतून न आलेलं म्हणजे जिरं आणि तूप, आणि हो, वरई. ही पिकं सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांबरोबर गोव्याकडून वगैरे येत गेली, ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा.

त्या लोकांनी यात किती डोकं लावलंय हे कळलं पाहिजे. कडू कसाव्यात विष असतं, तो किसून, पिळून, भाजून खाण्यालायक करायची पद्धत त्यांनी शोधली. बटाटा रात्री गोठवून दिवसा उन्हात पायाने तुडवून वर्षानुवर्षं टिकेल असा सुकवला, त्याला चुन्यो म्हणतात. पेरूतल्या सिपानच्या राजाच्या कबरीत, जी १९८७ मधे वाल्तेर आल्वा यांनी उघडली, सोन्याचांदीच्या शेंगांचा हार निघाला, शेंगदाण्याच्या शेंगा! आणि राजगिरा, ज्याच्या पिठाच्या मेशिका लोक देवाच्या मूर्ती करायचे म्हणून स्पॅनिशांनी तो दडपला, त्याच राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून आज मेक्सिकोत वड्या विकतात, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारख्याच.

१७. हे लोक आज आहेत का? रेड इंडियन म्हटलं तर चालतं का?

आहेत, लाखोंनी. क्वेचुआ, म्हणजे इंकांची भाषा, बोलणारे ऐंशी लाखांच्या आसपास, माया कुळातल्या भाषा बोलणारे साठ लाखांच्या आसपास, आणि मेशिकांची नावात्ल बोलणारे पंधरा लाखांहून जास्त. १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेन्चू या माया लोकांतल्या कीचे गटाच्या आहेत. रेड इंडियन म्हणू नका, अपमानास्पद आहे. त्या त्या लोकांचं नाव घ्या, नवाहो, होपी, चेरोकी, आणि एकत्र म्हणायचं असेल तर अमेरिकेचे मूळ रहिवासी.

१८. हायकिंगला गेल्यावर दगडी बाणाचं टोक सापडलं, ठेवून घेऊ का?

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून हा बऱ्याचदा येतो. नॅशनल पार्क, इतर सरकारी जमीन किंवा मूळ रहिवाशांची राखीव जमीन असेल तर उचलणं बेकायदा आहे. आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा, जागा नोंदवा, रेंजरला सांगा. वस्तू जागेवरून हलली की तिचं वय कळायचा मार्गच बऱ्याचदा संपतो, मॉन्टे व्हर्दे काय किंवा व्हाइट सँड्स काय (प्रश्न २), सगळं थरावरूनच कळलं. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी आणि त्या राज्याचा कायदा बघावा लागतो.

हाडं दिसली तर हात अजिबात लावू नका, पोलिसांना कळवा. वॉशिंग्टन राज्यात १९९६ मधे नदीकाठी केनेविक मानव मिळाला, साडेआठ हजारांहून जास्त वर्षं जुना, तिथल्या जमाती म्हणत होत्या हा आमचा पूर्वज आहे, कोर्टात वर्षानुवर्षं गेली, २०१५ मधे डीएनएने त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं, आणि २०१७ मधे त्यांनी त्याला पुरलं. मेक्सिको आणि पेरूमधे तर जुन्या वस्तू देशाच्या मालकीच्या असतात, त्यामुळे बाजारात कोणी ओरिजिनल म्हणून मूर्ती दाखवली तर घेऊ नका, खरी असेल तर विमानतळावर अडकाल आणि खोटी असेल तर पैसे गेले. त्यापेक्षा तिथल्या विणकर बायकांकडून कापड घ्या, कुस्कोच्या आसपास अजून कमरेला बांधायच्या मागावर विणतात.